मोटार जळते ती बॉडीपायी

आम्ही लोह्याहून बोलतोय. मागच्या वेळी गटाच्या वहीचा विषय झाला, आज मोटारीचा आहे. विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे गड्यामाणसांचं काम, आपल्याला काय करायचं. आम्हीही तेच म्हणत होतो. मग एका वर्षात दोनदा मोटार जळाली, एकदा एका काकूंना झटका बसला, आणि गटातली एक बाई कायमची निघून गेली. तेव्हा कुठं आम्ही हातात पाना धरला.

आधी एक सांगून ठेवू. आमच्याकडं ‘मोटार’ म्हटलं की विहिरीवरची, बोअरची मोटार डोळ्यापुढं येते. आमच्या आज्या मोटेचं पाणी सांगायच्या, आम्ही मोटारीचं सांगतो. पण आज बोलायचं आहे ते छोट्या मोटारीबद्दल. मिरची कांडपाला, पिठाच्या चक्कीला, मिनी डाळ मिलला, पाणी चढवायच्या टुल्लू पंपाला जी लागते ती, अर्ध्यापासून तीन एचपीपर्यंतची. आणि तिच्यातही आतल्या तारांबद्दल कमी, बाहेरच्या अंगाबद्दल जास्त. म्हणजे बॉडी, दोन बाजूंची झाकणं, मागचा पंखा, त्यावरचं कव्हर आणि वायर जोडायची डबी. मोटार जळाली की सगळे म्हणतात कॉइल जळाली. कॉइल जळते हे खरं, पण ती का जळाली हे बऱ्याचदा बॉडी सांगते.

लोह्यापासून जवळच्या एका गावात आमच्या संपर्कातला दहा जणींचा गट आहे. गटानं बँकेचं कर्ज काढून कांडप मशीन आणि एक पिठाची चक्की घेतली. पत्र्याचं शेड टाकलं. हळद, मिरची, धने, तुरीची डाळ, जे येईल ते दळायचं. कोटेशन आणायला आम्हीच सोबत गेलो होतो, हे लपवून चालणार नाही. तीन कोटेशन आली. मशीन सारखंच, मोटार वेगवेगळी. आम्ही सगळ्यात कमी आकडा बघितला आणि त्यावर बोट ठेवलं. मोटारीवर एक छोटी पाटी असते, ती वाचावी हे आमच्या डोक्यातही आलं नाही. बी. ए. झालो, पण पाटी वाचली नाही.

ती मोटार उघड्या बॉडीची होती. म्हणजे बाजूच्या झाकणांना लांबट भोकं, त्यातून हवा आत जाणार, कॉइलवरून फिरून बाहेर येणार. गार राहायला ही रचना चांगली. स्वच्छ खोलीत असली तर अशी मोटार वर्षानुवर्षं चालते. पण कांडपाच्या शेडमध्ये हवेबरोबर काय जाणार? मिरचीची पूड. हळदीची पूड. पीठ. चैत्र-वैशाखात मिरचीचा हंगाम, सकाळी सहापासून बाया पोती घेऊन उभ्या. महिनाभरात कॉइलवर पुडीचा असा थर बसला की वैशाखात अंगावर घोंगडं घेतल्यासारखं. त्यात दुपारी व्होल्टेज पडतं. व्होल्टेज कमी झालं की तेवढंच काम करायला मोटार जास्त करंट ओढते, आणि जास्त करंट म्हणजे जास्त ऊन. एका दुपारी वास आला. “काहीतरी जळायलंय,” असं एक जण म्हणेपर्यंत धूर निघाला.

मिस्त्रीनं नवीन वाइंडिंग भरून दिलं. चार दिवस काम बंद, वाइंडिंगचा खर्च वेगळा. मोटार परत आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून एक शहाणपण केलं. पूड आत जाते ना? मग जुन्या सुती साडीचा तुकडा भोकांवर बांधून टाकला. वरून दोरी आवळली. मागच्या पंख्यावर पत्र्याचं कव्हर होतं तेही काढून ठेवलं, पंख्याला मोकळी हवा मिळेल म्हणून. आणि रात्री धूळ बसू नये म्हणून वर पोतं.

तीन आठवड्यांत मोटार पुन्हा जळाली.

आता हसू येतं, तेव्हा रडू आलं होतं. पूड थांबवायला आम्ही तिचं नाकच बांधलं. जी बॉडी उघडी म्हणून बनवली आहे, ती बाहेरून कापड लावून बंद होत नाही. बंद बॉडीची मोटार वेगळ्याच पद्धतीनं गार होते. तिच्या आत बाहेरची हवा जातच नाही. आतली उष्णता बॉडीच्या लोखंडातून बाहेर येते. बॉडीवर लांबलांब कंगोरे असतात ते शोभेला नसतात. त्यांच्यामुळं हवा लागायला जास्त जागा मिळते. मागचा पंखा हवा ओढतो आणि त्यावरचं कव्हर ती हवा वळवून कंगोऱ्यांमधून पुढं पाठवतं. कव्हर काढलं की पंखा फिरतो, पण हवा इकडंतिकडं उडून जाते, बॉडीला लागत नाही. म्हणजे कव्हर काढल्यावर मोटार जास्त तापते. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली असती तरी आम्ही मानली नसती.

दुसऱ्यांदा जळाल्यावर गटात भांडण झालं. दर सोमवारी बैठक होते, त्या सोमवारी हप्ता भरायला पैसे नव्हते. एक जण म्हणाली, “मशीन विकून टाका, आपण पापड लाटलेले बरे.” दुसरी म्हणाली, “ह्या मॅडमनीच ही मोटार घ्यायला लावली.” मॅडम म्हणजे आम्ही. खाली मान घालून ऐकलं, कारण ते खरं होतं. एका बाईनं आपली बचत मागितली आणि गट सोडला. तिला नवऱ्याचं दुखणं होतं, तिचा पैसा अडकून चालणार नव्हता. ती चुकली असं आम्हाला आजही वाटत नाही.

त्या बैठकीनंतर आम्ही गटातल्या एका ताईच्या भाच्याकडं गेलो. तो आयटीआयला वायरमनचा कोर्स झालेला. त्यानं पहिल्यांदा मोटारीची पाटी पुसून वाचून दाखवली. पाटीवर आयपी म्हणून दोन अक्षरं आणि पुढं दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आमच्या मोटारीवर २३ होतं. २ म्हणजे बोटाएवढी वस्तू आत जाणार नाही, एवढंच. ३ म्हणजे वरून तिरपा येणारा पाऊस सोसेल. मिरचीच्या पुडीपुढं बोटाचा काय हिशोब? ४४ असेल तर एक मिलिमीटरपेक्षा जाड काही आत जात नाही, आणि पाणी उडालं तरी चालतं. पण पूड मिलिमीटरपेक्षा कितीतरी बारीक असते. ५५ असेल तर धूळ अगदीच जाणार नाही असं नाही, पण मोटारीला बाधेल इतकी जात नाही, आणि कोणत्याही बाजूनं पाण्याचा झोत आला तरी निभावतं. कांडपाला, चक्कीला, डाळ मिलला ५५ मागा. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली, तिच्यात ३५ टक्के अनुदान ठरलं होतं, गटांची बरीच मशिनं त्यातून आली. तुमचं कोटेशन येईल तेव्हा एचपीच्या शेजारी हे आकडे लिहून मागा. दुकानदार म्हणेल, सगळ्या सारख्याच असतात. सारख्या नसतात.

पाटीवर आणखी एक अक्षर असतं, तारांच्या आवरणाचा वर्ग. बी म्हणजे ते आवरण १३० अंशांपर्यंत टिकतं, एफ म्हणजे १५५ अंशांपर्यंत. आणि मोटारवाले एक ढोबळ हिशोब सांगतात, दर १० अंश जास्त तापलं की आवरणाचं आयुष्य अर्धं होतं. पाटीवर दिलेली एचपी भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत आहे असं धरून दिलेली असते. आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशच असतं का? बाहेर ४२-४३, आत त्याहून जास्त. म्हणून आपल्या भागात जेमतेम एचपीची मोटार घेऊ नये, थोडी मोठी घ्यावी, आणि एफ वर्गाची.

ग्रामसंघातून कर्ज उचलून गटानं बंद बॉडीची मोटार घेतली. ह्या वेळी आम्ही बॉडी कशाची हेही विचारलं. छोट्या मोटारीत तीन प्रकार बघायला मिळतात. वाकवलेल्या पत्र्याची बॉडी स्वस्त आणि हलकी, पण ती हादऱ्याला दबते. ॲल्युमिनियमची बॉडी उष्णता लवकर बाहेर टाकते, उचलायला सोपी, पण तिचे पाय धक्क्यानं तुटतात आणि साध्या वेल्डिंगवाल्याकडं नीट जुळत नाहीत. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जड असते, दोन जणींनी उचलावी लागते, पण कांडपाच्या हादऱ्यात ती टिकते. आम्ही बिडाची घेतली. चक्कीला असती तर कदाचित ॲल्युमिनियमची घेतली असती.

ओतीव लोखंडाचा विषय निघाला म्हणून सांगतो. महाराष्ट्रात ह्या धंद्याची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली, तिथं मोटारी बनू लागल्या. ह्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. नांगर आणि बायकांचं मासिक एकाच गावातून निघालं, ह्याचं आम्हाला फार बरं वाटतं. आणि आज तामिळनाडूत कोइम्बतूरजवळ कणियूर इथं किर्लोस्कर ब्रदर्सचा छोट्या पंपांचा कारखाना आहे, तो सगळा बायकाच चालवतात. ही माहिती आम्ही बैठकीत सांगितली तेव्हा एक आक्का म्हणाल्या, “त्यायला पगार मिळतो, आपल्याला हप्ता भरायचाय.” बरोबरच आहे. पण पुढच्या वेळी पाना हातात घेणारी पहिली बाई त्याच आक्का होत्या.

नवी मोटार दोन महिने छान चालली. मग आवाज करू लागली. बेरिंग गेली होती. पट्टा फार आवळला होता, हे नंतर कळलं. पट्टा सुटू नये म्हणून आम्ही मोटार मागं ओढओढून बसवली होती. जास्त ताणलेला पट्टा शाफ्टला एका बाजूनं सतत ओढतो, ते सगळं ओझं बेरिंगवर आणि पुढच्या झाकणावर येतं. अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा थोडा दबला पाहिजे, तारेसारखा ताठ नको. आणि दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सुतळी ताणून बघायचं. सुतळी दोन्ही पुल्यांच्या कडांना सारखी टेकली पाहिजे.

मोटार दुरुस्तीला दिली. कुठं दिली ते सांगत नाही, आणि त्यात काही अर्थही नाही. बेरिंग बदलून आली, आवाज गेला, आम्ही खूश. श्रावण होता. शेडचा पत्रा एका जागी गळत होता. एका सकाळी गटातल्या काकूंनी मशीन चालू केलं, आणि मिरची सारताना मोटारीला हात लागला. त्या मागं फेकल्या गेल्या, पोत्यांवर पडल्या म्हणून वाचल्या. हाताला मुंग्या दिवसभर होत्या. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी तपासून संध्याकाळी घरी सोडलं. पण आठ दिवस शेडमध्ये कुणी पाऊल टाकेना. घरची माणसंही म्हणू लागली, “मरायला जायलाव का तिकडं?”

भाच्यानं मोटार उघडली तेव्हा तीन गोष्टी सापडल्या. तिन्ही जुळणीतल्या.

बंद बॉडीच्या झाकणाला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. मोटार चालताना तापते, बंद झाल्यावर गार होते, तेव्हा आतली हवा आकसते आणि ओलसर हवा आत ओढली जाते. तिचं पाणी होतं. ते पाणी निथळून जायला ते भोक. झाकण काढून परत बसवताना ते फिरवून बसवलं गेलं होतं आणि भोक वर आलं होतं. पाणी जायची वाट पाणी यायची झाली. पत्र्यातून गळणारे थेंब बरोबर तिथं.

दुसरी गोष्ट वायरच्या डबीत. वायर डबीत शिरते तिथं रबराची चूडी आणि आवळायची नळी असते, तिला ग्लँड म्हणतात. ती परत बसवलीच नव्हती. वायर पत्र्याच्या धारदार कडेवरून आत गेलेली. मशीन हादरतं, हादरून हादरून कडेनं वायरचं आवरण कापलं, आणि तांबं बॉडीला लागलं. शिवाय त्या उघड्या भोकातून आत एक पाल जाऊन मेलेली होती.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, वळकटी करून बाजूला खोचून ठेवली होती. ती जोडलेली असती तर बॉडीत आलेला करंट बराचसा जमिनीत गेला असता आणि फ्यूज उडाला असता. आम्ही रोज ती हिरवी वायर बघत होतो. ती कशाला असते हे आमच्यातल्या एकीनंही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ठरलं, मोटार यापुढं बाहेरून जुळून येणार नाही. आली तरी आमच्यासमोर. सहा जणी शिकायला बसल्या. जुनी जळालेली मोटार घेतली, जिच्यात करंटची भीतीच नाही, आणि ती पंधरा-वीस वेळा खोलली आणि जोडली. त्यातून जे हाताला कळलं ते सांगतो. तुम्ही लगेच चालू मोटार खोलायला जाऊ नका. आधी भंगारातली घ्या, आणि सोबत कुणी वायरमन बसवा.

खोलण्याआधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून पदराच्या गाठीला. हो, गाठीलाच, म्हणजे दुसरं कुणी चालू करणार नाही. सिंगल फेज मोटारीला कंडेन्सर असतो. लाइट बंद केल्यावरही त्यात करंट साठलेला असतो आणि तो झटका देतो, म्हणून आधी टेस्ट लॅम्पच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना लावून तो रिकामा करायचा. हे वायरमनकडूनच शिकून घ्या.

मग खूण. बॉडी आणि झाकण जिथं जुळतात तिथं पंचनं, नाहीतर खिळ्यानं, दोन्हीवर एक-एक ठिपका मारायचा. पुढच्या झाकणाला एक ठिपका, मागच्याला दोन. जोडताना ठिपक्यासमोर ठिपका. एवढं जरी केलं असतं तरी ते भोक वर आलं नसतं आणि काकू पडल्या नसत्या. नटबोल्ट, वायसर, कप्प्यांच्या ताटात, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं. लोणच्याच्या बरणीचं झाकण आपण हरवू देत नाही, तसं ग्लँडचं रबर हरवू द्यायचं नाही.

बेरिंगवर नंबर असतो. आमच्या मोटारीत ६२०४ होतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणा, आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. चारा पाचा वीस, म्हणजे २० मिलिमीटरचा शाफ्ट. हे कळल्यावर आमच्या आक्कांना इतका आनंद झाला की त्या दुकानात जाऊन स्वतः नंबर सांगून बेरिंग घेऊन आल्या. नंबराच्या पुढं झेडझेड असेल तर बाजूला पत्र्याची चकती, आरएस असेल तर रबराची. पुडीच्या जागेत रबराचीच घ्यावी. बेरिंग बसवताना बाहेरच्या कड्यावर हातोडी मारायची नाही. शाफ्टवर बसवायची तर आतल्या कड्यावर टेकेल असा पाइपचा तुकडा ठेवून हलक्या हातानं. हातोडीचा एक घाव गोळ्यांना खड्डे पाडतो, आणि महिनाभरानं आवाज सुरू होतो. उघड्या बेरिंगला ग्रीस भरायचं असेल तर मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच. गच्च भरलेलं ग्रीस घुसळून घुसळून तापतं.

झाकण बसवणं ही खरी कसोटी. आतला फिरणारा भाग आणि बाहेरची कॉइल यांच्यात जागा किती असते? पाच-सात कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी, साधारण तेवढीच. झाकण जरा तिरकं बसलं तर फिरणारा भाग घासतो. म्हणून एका बाजूचा बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा, असं करायचं नाही. गोधडी शिवताना आपण आधी चार कोपऱ्यांना कच्चे टाके घालतो, मग भरतो, तसं. एक बोल्ट थोडा, समोरचा थोडा, मग शेजारचा, त्याच्या समोरचा, आणि प्रत्येक वेळी शाफ्ट हातानं फिरवून बघायचा. जड झाला तर मागं या. आमच्यापैकी ज्या गोधड्या चांगल्या शिवतात त्यांची झाकणंही चांगली बसली, हा आमचा अनुभव आहे. शास्त्र म्हणून सांगत नाही.

शेवटी वायरची डबी. ग्लँड आवळायचा, वायर ओढून बघायची, सुटते का. वायर डबीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकतं, डबीत जात नाही. अर्थिंगची वायर खुणेच्या स्क्रूला घट्ट. त्या स्क्रूखालचा रंग खरवडायचा, रंगावर जोडलेली अर्थिंग म्हणजे नुसतं समाधान. मग वायरमनकडून मेगर लावून घ्यायचा. कॉइल आणि बॉडी यांच्यात निदान एक मेगओम दाखवलं तरच लाइट जोडायची. आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अर्थिंग आहे म्हणून आरसीसीबी नको, किंवा आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असं नाही. दोन्ही हवेत. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला, आपली जमीन मे महिन्यात फुफाट्यासारखी होते.

शेडमध्येही आम्ही बदल केले. मोटार फूटभर उंच ओट्यावर घेतली, पत्रा दुरुस्त केला. कांडप आणि मोटार यांच्यामध्ये प्लायवूडचा आडोसा उभा केला, पट्ट्यापुरती फट ठेवून. पंख्यामागं भिंत आणि मोटार यांच्यात वीतभर जागा सोडली. पोतं कायमचं बंद. दर शनिवारी मोटार बंद करून रंगाच्या ब्रशनं कंगोऱ्यांतली पूड काढायची, तोंडाला फडकं बांधून. पाण्यानं धुवायचं नाही, ५५ असली तरी नाही. खूण म्हणून मोटारीच्या बॉडीवर खडूनं शनिवारची तारीख लिहितो. तारीख जुनी दिसली की त्या आठवड्याची पाळी कुणाची ते सगळ्यांना कळतं.

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा. खंडोबाच्या यात्रेत आमचे गट मसाले आणि डाळीची दुकानं लावतात, वर्षाची सगळ्यात मोठी विक्री तीच. यात्रेला आठ दिवस असताना मोटारीतून पुन्हा बारीक घासल्यासारखा आवाज येऊ लागला. सगळ्यांच्या पोटात गोळा. आक्कांनी कान लावला, मशीन बंद केलं, फ्यूज काढून गाठीला बांधला आणि मागचं कव्हर काढलं. पंख्याचा एक दाता तुटून कव्हरला घासत होता. लोह्याहून नवा प्लास्टिकचा पंखा आणला, शाफ्टवर बसवला, कव्हर लावलं, हातानं फिरवून बघितलं. दुपारी दोनला बंद पडलेलं कांडप पाचला चालू होतं. काकू, ज्यांना झटका बसला होता, त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी टेस्टर बॉडीला लावून बघितला, मगच मिरची टाकली. त्या अजूनही रोज तसंच करतात. कुणी हसत नाही.

ज्या बाईनं गट सोडला होता ती यात्रेनंतर भेटली. तिची शिलाई मशिनीची छोटी मोटार बंद पडली होती. म्हणाली, “तुमच्या आक्काला सांगा ना बघायला.” आक्कांनी बघितली. कार्बन घासून संपले होते, दोन नवे टाकले. पैसे घेतले नाहीत, पण पुढच्या वेळी घ्यायचे असं बैठकीत ठरलंय.

एक गोष्ट मात्र आम्हाला अजून जमलेली नाही. घरगुती चक्की लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत येते, मोटार आत कोंडलेली, आणि पेटीला मागं चार बारीक फटी. अर्धा तास चालली की हात लावता येत नाही. फटी वाढवाव्यात तर पीठ आणि उंदीर आत, बंद ठेवावी तर ऊन. सध्या आम्ही एका चक्कीची मोटार पेटीच्या मागं बाहेर काढून, बंद बॉडीची लावून बघतोय. पट्टा थोडा लांब लागला, त्यावर जाळीचं झाकण केलंय, लेकरांचा हात जाऊ नये म्हणून. दोन महिने चालवून मग सांगू. तुमच्या गावात कुणी यावर काही केलं असेल तर पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत जरूर घेऊन या. आणि घरी जळालेली, भंगारात टाकायची मोटार असेल तर तीही आणा. झाकणावर ठिपके मारून आणा.